वकिली व्यवसायाचे नियमन
न्यायालयात पक्षकाराच्या वतीने उभे राहण्याचा अधिकार कोणास असावा, तो कोणत्या अटींवर द्यावा, अधिकार मिळालेल्या व्यक्तीने न्यायालय, अशील, प्रतिपक्ष व समव्यावसायिक यांच्याशी कसे वागावे आणि त्या वर्तनात कसूर झाल्यास तिची चौकशी कोणी करून कोणती शिक्षा द्यावी, यांविषयीचे नियम व संस्थात्मक व्यवस्था यांस वकिली व्यवसायाचे नियमन म्हणतात. वकील हा अशिलाचा प्रतिनिधी असतो, तसाच तो न्यायालयाचा अधिकारीही मानला जातो. अशिलाचे हित निर्भयपणे जपणे आणि न्यायालयाची दिशाभूल होऊ न देणे ही दोन्ही कर्तव्ये त्याला एकाच वेळी पार पाडावी लागतात. यामुळे त्याच्या वर्तनाचा निवाडा न्यायाधीशांनी करावा, शासनाने करावा की त्याच्याच व्यवसायबंधूंनी करावा, हा प्रश्न या विषयाच्या मुळाशी आहे. भारतात गेल्या सव्वादोनशेहून अधिक वर्षांत या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे देण्यात आली.

प्राचीन व मध्ययुगीन परंपरा : धर्मशास्त्रांतील व्यवहारकांडात वादी व प्रतिवादी यांनी स्वतः उपस्थित राहावे हा सामान्य नियम दिसतो, तथापि आजारी, वृद्ध किंवा कामात गुंतलेल्या व्यक्तीस प्रतिनिधी नेमण्याची मुभा होती. पक्षकाराशी रक्ताचे नाते नसताना व त्याने नेमलेले नसताना त्याच्यासाठी बोलणारा मनुष्य नारदस्मृतीच्या मते दंडास पात्र ठरतो. शुक्रनीतीत अशा प्रतिनिधीस ‘नियोगी’ म्हटले असून, दाव्याच्या किंमतीच्या सोळाव्या हिश्शापासून उतरत्या प्रमाणात त्याचे वेतन सांगितले आहे आणि नियमाबाहेर धन घेणाऱ्या नियोग्यास राजाने दंड करावा असे म्हटले आहे. या ग्रंथाच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. मराठी राज्यात ‘वकील’ हा शब्द मुख्यत्वे एका दरबाराने दुसऱ्या दरबारी पाठविलेल्या प्रतिनिधीस उद्देशून वापरला जाई. गोतसभा व पंचायत यांच्यापुढे पक्षकार आपली तक्रार बहुधा स्वतःच मांडीत. न्यायालयात इतरांची बाजू मांडून उपजीविका करणारा स्वतंत्र वर्ग तेथे निर्माण झाला नव्हता. त्यामुळे त्याच्या नियमनाची गरजही भासली नाही.

कंपनीच्या अमदानीतील व्यवस्था : १७२६ च्या सनदेने मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे मेयर न्यायालये स्थापन झाली, परंतु त्यांच्यापुढे बाजू मांडणाऱ्यांसाठी कायद्याच्या ज्ञानाची कोणतीही अट नव्हती. १७७४ मध्ये कलकत्त्यास स्थापन झालेल्या सर्वोच्च न्यायालयास अधिवक्ते व न्यायवादी म्हणजे ॲटर्नी यांची नोंद करण्याचा आणि सबळ कारण असल्यास त्यांची नावे काढून टाकण्याचा अधिकार मिळाला. मुंबईत असे न्यायालय १८२४ पासून सुरू झाले. या न्यायालयांचे दरवाजे व्यवहारतः ब्रिटिश बेटांतील विधिज्ञांनाच खुले होते.

कंपनीच्या दिवाणी अदालतींची व्यवस्था याहून निराळी होती. लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या काळातील १७९३ च्या सातव्या बंगाल विनियमाने वकिलांच्या नेमणुकीस प्रथमच नियमबद्ध स्वरूप दिले. सदर दिवाणी अदालतीकडून सनद मिळाल्याशिवाय कोणासही वकिली करता येईना. सनद फक्त हिंदू व मुसलमान यांनाच मिळे, फीचे दर ठरवून दिलेले असत आणि गैरवर्तन करणाऱ्यास दूर करता येई. वकिलाच्या ‘सनदे’ची कल्पना व तो शब्द मराठीत आजतागायत रूढ आहेत. मुंबई इलाख्यात मौंटस्ट्यूअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीच्या अखेरीस तयार झालेल्या १८२७ च्या विनियमसंहितेत वकिलांविषयीच्या तरतुदी समाविष्ट करण्यात आल्या. १८४६ च्या अधिनियमाने धर्म व राष्ट्रीयत्व यांचे निर्बंध दूर केले आणि फी ठरविण्याचा प्रश्न वकील व अशील यांच्या करारावर सोपविला.

उच्च न्यायालयांचा शिस्तविषयक अधिकार : १८६१ च्या अधिनियमान्वये १८६२ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे उच्च न्यायालये स्थापन झाली. त्यांच्या सनदापत्रांनी अधिवक्ते, वकील व न्यायवादी या तिन्ही वर्गांची नोंदणी करण्याचा आणि वाजवी कारणास्तव त्यांना निलंबित करण्याचा अथवा काढून टाकण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. त्यांखेरीज जिल्हा व तालुका न्यायालयांत प्लीडर, मुखत्यार व महसुली कामांपुरते प्रतिनिधी असे कनिष्ठ वर्ग होते. यांच्यासाठी १८७९ चा विधिव्यवसायी अधिनियम करण्यात आला आणि पुढे त्यात वकिलांना कामे मिळवून देणाऱ्या दलालांच्या याद्या प्रसिद्ध करण्याची तरतूद झाली. मुंबई इलाख्यातील प्लीडरांसाठी १९२० मध्ये स्वतंत्र अधिनियम झाला. स्त्रियांना या व्यवसायात येण्यास असलेली बंदी १९२३ च्या अधिनियमाने उठली. नासिक येथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांची अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९२१ मध्येच नोंदणी केली होती.

या व्यवस्थेत दोन मोठे दोष होते. एक, व्यवसायाची अनेक वर्गांत विभागणी होऊन वरच्या वर्गातील बॅरिस्टरांना, विशेषतः मुंबई व कलकत्ता उच्च न्यायालयांच्या मूळ शाखेत, खास अधिकार मिळाले. दुसरा, शिस्तभंगाचा सर्व अधिकार न्यायाधीशांच्या हाती असल्याने ज्याच्यापुढे निर्भयपणे बोलावयाचे, त्याच्याच मर्जीवर वकिलाची उपजीविका अवलंबून राहिली.

राजकीय चळवळ व सनद : हा दुसरा दोष राष्ट्रीय चळवळीच्या काळात ठळकपणे पुढे आला. १९०९ मध्ये लंडनच्या ग्रेज इन या संस्थेने विनायक दामोदर सावरकर यांना अभ्यासक्रम पूर्ण होऊनही बॅरिस्टरची पदवी देण्याचे नाकारले. त्याच वर्षी इनर टेंपल या संस्थेने श्यामजी कृष्णवर्मा यांचे नाव आपल्या नामावलीतून कमी केले. १९१९ मध्ये रौलट कायद्याविरुद्ध सत्याग्रहाची प्रतिज्ञा घेतलेल्या अहमदाबादच्या काही वकिलांवर मुंबई उच्च न्यायालयाने शिस्तभंगाची कारवाई सुरू केली. कायदेभंगाची प्रतिज्ञा वकिलाच्या कर्तव्याशी विसंगत असल्याचे मत नोंदवून न्यायालयाने त्यांना ताकीद दिली. या प्रकरणी जिल्हा न्यायाधीशांनी लिहिलेले पत्र ‘यंग इंडिया’त प्रसिद्ध केल्याबद्दल महात्मा गांधी व महादेव देसाई यांच्यावर न्यायालयाच्या बेअदबीचा खटला होऊन १९२० मध्ये त्यांना समज देण्यात आली. राजद्रोहाच्या शिक्षेनंतर १९२२ मध्ये गांधींचे नाव इनर टेंपलच्या नामावलीतून काढण्यात आले. ते १९८८ मध्ये, तर कृष्णवर्मा यांचे २०१५ मध्ये पुन्हा दाखल करण्यात आले.

या प्रकरणांत अशिलाची फसवणूक किंवा पैशांचा अपहार असा आरोप कोणावरही नव्हता. व्यवसायाची शुद्धता राखण्यासाठी निर्माण केलेले साधन राज्यकर्त्यांना अप्रिय असलेल्या मताविरुद्धही वापरता येते, हे त्यांवरून स्पष्ट झाले. व्यवसायाला स्वायत्तता असावी या मागणीमागे हा अनुभव होता.

१९२६ चा अधिनियम : सर एडवर्ड शमिएर यांच्या अध्यक्षतेखाली १९२३ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशींनुसार १९२६ चा भारतीय वकील परिषद अधिनियम संमत झाला. त्यान्वये उच्च न्यायालयागणिक पंधरा सदस्यांची वकील परिषद म्हणजे बार कौन्सिल स्थापन करण्याची तरतूद झाली. महाधिवक्ता, उच्च न्यायालयाने नामनिर्देशित केलेले चार व वकिलांनी निवडून दिलेले दहा, अशी तिची रचना होती. गैरवर्तनाच्या तक्रारीची चौकशी परिषदेच्या सदस्यांतून नेमलेले न्यायाधिकरण करी. परंतु अंतिम आदेश उच्च न्यायालयच देई. परिषदेची भूमिका अशा रीतीने सल्लागाराचीच राहिली आणि कनिष्ठ न्यायालयांतील प्लीडर व मुखत्यार तिच्या कक्षेबाहेर राहिले.

१९६१ चा अधिवक्ता अधिनियम : स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये न्यायमूर्ती एस. आर. दास यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय वकील समिती नेमण्यात आली. देशभर एकच वर्ग व एकच सामाईक नामावली असावी आणि शिस्तविषयक अधिकार व्यवसायाच्या प्रातिनिधिक संस्थांकडे असावेत, असे तिने १९५३ च्या अहवालात सुचविले. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ मधील चौदाव्या अहवालात या विचाराचा पुरस्कार केला. त्यातून १९६१ चा अधिवक्ता अधिनियम जन्मास आला. भारतीय वकील परिषदेचे पहिले अध्यक्षपदही तत्कालीन महान्यायवादी या नात्याने सेटलवाड यांच्याकडे आले.

या अधिनियमाने जुने वर्गभेद मोडून ‘अधिवक्ता’ हा एकच वर्ग निर्माण केला. त्यात ज्येष्ठ अधिवक्ता व इतर अधिवक्ता असा भेद तेवढा राहिला. मुंबई व कलकत्ता येथील न्यायवाद्यांचा स्वतंत्र वर्ग १९७६ च्या दुरुस्तीने १ जानेवारी १९७७ पासून संपुष्टात आला. राज्य परिषदेचे बहुसंख्य सदस्य अधिवक्त्यांमधून निवडले जातात. महाधिवक्ता पदसिद्ध सदस्य असतो. प्रत्येक राज्य परिषदेचा एक प्रतिनिधी आणि पदसिद्ध सदस्य म्हणून महान्यायवादी व महान्यायाभिकर्ता मिळून भारतीय वकील परिषद बनते. महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेच्या अधिकारक्षेत्रात दादरा व नगरहवेली आणि दमण व दीव यांचाही समावेश होतो.

राज्य परिषद नावनोंदणी करते, तर भारतीय परिषद विधिशिक्षणाचा दर्जा व आचारनियम ठरविते. नावनोंदणीपूर्वी प्रशिक्षण सक्तीचे करणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रद्द ठरविले. पुढे २०१० मध्ये भारतीय परिषदेने अखिल भारतीय पात्रता परीक्षा सुरू करण्याचे ठरविले. ती घेण्याचा परिषदेचा अधिकार घटनापीठाने २०२३ मध्ये मान्य केला. अधिनियमात नावनोंदणीची फी सर्वसाधारणपणे ७५० रुपये ठरविली असताना अनेक राज्य परिषदा अन्य शीर्षकांखाली कित्येक हजार रुपये आकारीत. ही जादा आकारणी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये बेकायदेशीर ठरविली.

आचारनियम : भारतीय परिषदेच्या नियमांत अधिवक्त्याची कर्तव्ये न्यायालय, अशील, प्रतिपक्ष व समव्यावसायिक अशा चार शीर्षकांखाली दिली आहेत. न्यायाधीशांशी खाजगीत संपर्क साधून निर्णयावर प्रभाव पाडू नये. ज्या खटल्यात आपण साक्षीदार होण्याचा संभव आहे त्याचे वकीलपत्र स्वीकारू नये. आपल्या व्यावसायिक दर्जास अनुरूप फी देणाऱ्याचे काम सामान्यतः नाकारू नये. अशिलाच्या पैशांचा हिशेब ठेवावा. प्रतिपक्षाचा वकील असताना प्रतिपक्षाशी परस्पर बोलणी करू नयेत, हे त्यांतील काही महत्त्वाचे नियम होत. वकिली चालू असताना पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येत नाही. जाहिरात व कामाची याचना निषिद्ध आहे; २००८ च्या दुरुस्तीने नाव, पत्ता, अर्हता यांसारखी मर्यादित माहिती संकेतस्थळावर देण्यास मुभा मिळाली. अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघड न करण्याचे बंधन १८७२ च्या पुरावा अधिनियमात होते. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे.

खटल्याच्या निकालावर फी अवलंबून ठेवणे किंवा वसुलीत हिस्सा घेणे हेही गैरवर्तन ठरते. अशिलाच्या वसुलीपैकी निम्मा वाटा घेण्याचा करार करणाऱ्या मुंबईच्या एका ज्येष्ठ अधिवक्त्यास मुंबई उच्च न्यायालयाने निलंबित केले होते. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यास आपल्यापुढे वकिली करण्यास निलंबनकाळापुरती मनाई केली. वकिलाचा स्वतःचा हितसंबंध खटल्यात गुंतला, की न्यायालयास आवश्यक असलेला त्याचा तटस्थपणा नष्ट होतो, हे या नियमाचे कारण आहे.

शिस्तभंगाची कार्यपद्धती : अधिनियमाचे कलम ३५ ‘व्यावसायिक वा अन्य गैरवर्तना’विषयी आहे. गैरवर्तनाची व्याख्या मुद्दामच केलेली नाही. तक्रारीत सकृद्दर्शनी तथ्य आढळल्यास राज्य परिषद ती तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे सोपविते. त्यांपैकी दोघे परिषदेचे सदस्य व तिसरा बाहेरील अधिवक्ता असतो. साक्षीदारांना बोलावणे, शपथेवर जबानी घेणे यांबाबत समितीस दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. तक्रार फेटाळणे, समज देणे, ठराविक मुदतीसाठी निलंबित करणे किंवा नामावलीतून नाव काढून टाकणे, यांपैकी कोणताही आदेश ती देऊ शकते. त्यावर साठ दिवसांत भारतीय परिषदेकडे व तिच्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाकडे अपील करता येते. राज्य परिषदेने एका वर्षात तक्रार निकालात काढली नाही, तर ती भारतीय परिषदेकडे वर्ग होते. अशिलाचे बुडालेले पैसे परत मिळवून देणे हा मात्र या कार्यवाहीचा मुख्य हेतू नाही. त्यासाठी त्याला बहुधा दिवाणी न्यायालयाकडेच जावे लागते.

ही व्यवस्था कशी चालते याचे बोधप्रद उदाहरण मुंबईतीलच आहे. दंडाधिकारी न्यायालयाच्या दाराशी उभे राहून येणाऱ्या पक्षकारांवर झडप घालणाऱ्या, प्रसंगी त्यांच्यासाठी एकमेकांशी झोंबाझोंबी करणाऱ्या काही वकिलांना राज्य परिषदेने तीन वर्षांसाठी निलंबित केले. भारतीय परिषदेने अपिलात त्यांना निर्दोष ठरविले, तेव्हा राज्य परिषदच सर्वोच्च न्यायालयात गेली. राज्य परिषद ही ‘बाधित व्यक्ती’ ठरत असल्याने तिला अपील करता येते, असा निर्णय सात न्यायमूर्तींच्या पीठाने दिला. पुढे १९७५ मध्ये गुणदोषांवर निकाल देताना न्यायालयाने अशी याचना हे गैरवर्तनच असल्याचे सांगितले. व्यवसायाची प्रतिष्ठा हे सार्वजनिक हित असून परिषद ही त्याची विश्वस्त आहे, वकिलांची केवळ संघटना नव्हे, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

न्यायालये व परिषदा : वकिलास शिक्षा कोणी करावी, हा जुना वाद १९९५ मध्ये पुन्हा उपस्थित झाला. अलाहाबाद उच्च न्यायालयात न्यायाधीशांशी उद्धटपणे वागल्याबद्दल भारतीय वकील परिषदेच्या तत्कालीन अध्यक्षांनाच सर्वोच्च न्यायालयाने बेअदबीबद्दल दोषी ठरवून तीन वर्षे वकिली करण्यास मनाई केली. १९९८ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मात्र बेअदबीच्या कार्यवाहीत सनद निलंबित करण्याचा अधिकार न्यायालयास नाही, तो वकील परिषदांचा आहे, असा निर्णय दिला. तथापि कोणास आपल्यासमोर उभे राहू द्यावे हे ठरविण्याचा उच्च न्यायालयाचा अधिकार २००९ मध्ये मान्य झाला. वकिलांना संपाचा हक्क नाही, असा निर्णय डिसेंबर २००२ मध्ये देताना न्यायालयाने निषेधासाठी पत्रके, दंडावर पट्ट्या बांधणे यांसारखे मार्ग सुचविले. त्यानंतरही न्यायालयीन कामावर बहिष्कार घालण्याचे प्रकार थांबले नाहीत. वकिलांच्या सेवा ग्राहक संरक्षण अधिनियमाखाली येतात, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००७ मध्ये दिला होता. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्यामुळे नाराज अशिलापुढील एक सुलभ मार्ग बंद झाला आणि परिषदांच्या शिस्तयंत्रणेची जबाबदारी तितकीच वाढली.

इतर देशांतील पद्धती : इंग्लंडमध्ये बॅरिस्टरांवर चार ‘इन्स’ संस्थांचे व सॉलिसिटरांवर लॉ सोसायटीचे नियंत्रण दीर्घकाळ होते. व्यवसायाच्या हिताचे प्रतिनिधित्व व व्यवसायाचे नियमन ही कामे एकाच संस्थेकडे असू नयेत, हा विचार तेथे २००७ च्या विधिसेवा अधिनियमाने स्वीकारला. नियमनासाठी वेगळी मंडळे निर्माण झाली आणि २०१० पासून अशिलांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र लोकपालाची सोय झाली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शिस्तविषयक अंतिम अधिकार सामान्यतः त्या त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे असतो. तेथील वकील संघटनेने १९०८ मध्ये आचारसंहिता तयार केली. निकालावर अवलंबून असलेली फी तेथे अनेक प्रकारच्या दिवाणी दाव्यांत चालते आणि १९७७ च्या निर्णयानंतर वकिलांच्या जाहिरातीस घटनात्मक संरक्षण मिळाले. भारतीय नियम या दोन्ही बाबतींत जुन्या इंग्रजी परंपरेस अधिक जवळचे आहेत.

सुधारणेचे प्रयत्न : २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियमनव्यवस्थेचा फेरविचार करण्याची सूचना केल्यावर विधी आयोगाने मार्च २०१७ मध्ये दोनशे सहासष्टावा अहवाल सादर केला. तक्रारी वर्षाच्या आत निकालात काढण्याच्या तरतुदीचे पालन होत नसल्याची दखल न्यायालयाने २०२१ मध्ये घेतली व ते करण्याचे निर्देश दिले. २०२३ च्या दुरुस्ती अधिनियमाने १८७९ चा विधिव्यवसायी अधिनियम रद्द करून दलालांविषयीच्या तरतुदी मूळ अधिनियमात आणल्या. तो ३० सप्टेंबर २०२४ पासून अंमलात आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या विधेयकाच्या मसुद्यात संप व बहिष्कार यांवर बंदी आणि भारतीय परिषदेवर शासननियुक्त सदस्य नेमण्याची तरतूद होती. वकिलांनी देशभर विरोध केल्यावर काही दिवसांतच तो मागे घेण्यात आला.

स्वायत्त नियमनाचे बळ व उणीव ही दोन्ही एकाच गोष्टीत आहेत. परिषदेचे सदस्य वकिलांनी निवडलेले असल्याने शासनास किंवा न्यायाधीशास न आवडणारी बाजू मांडणाऱ्या वकिलास संरक्षण मिळते. परंतु ज्यांची मते मागावयाची त्यांच्याच विरुद्ध निर्णय द्यावयाचा असल्याने सदस्यांच्या हातून कठोर कारवाई होणे अवघड जाते. तक्रार करणारा अशील बहुधा एकटा असतो आणि त्याला कायद्याच्या भाषेची ओळख नसते. विलंबाचा खरा फटका त्यालाच बसतो. १९१९ चा अनुभव ध्यानी घेता हा अधिकार पुन्हा शासनाच्या किंवा केवळ न्यायालयाच्या हाती देणे हितावह ठरणार नाही. शिस्तपालन समित्यांत व्यवसायाबाहेरील निःपक्षपाती व्यक्तींना स्थान देणे, मुदतीत निर्णय करणे व ते लोकांसाठी प्रसिद्ध करणे, या मार्गांनी स्वायत्तता न गमावता विश्वासार्हता वाढू शकते.